रस्त्यावर ठेवलेलं हेल्मेट

“मग त्या खुणेला अर्थ काय उरला, सिस्टर? तुम्हीच सांगा!”

हर्षल ढोले दारातच उभा राहून ओरडत होता. अंगावर जाड काळं जॅकेट, गुडघ्यांना ढाली, काखेत हेल्मेट. ओठ थंडीने थरथरत होते, तरी आवाज खणखणीत होता.

सिस्टर विणत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी दार लाव. थंडी आत येऊन रायली.”

त्याने दार लावलं. लावलं म्हणजे आपटलंच.

मी शेगडीपाशी चहाचा कप धरून बसलो होतो. त्या क्षणी मला त्याची दयाच आली, हे आधी कबूल करतो. पुढे काय होणार आहे ते मला ठाऊक असतं, तर मी मागच्या दाराने निघून गेलो असतो.

सिस्टर म्हणजे कुमुद रामटेके. मेळघाटातल्या गावांमध्ये एकतीस वर्षं नर्स होत्या आणि सगळी नोकरी मोटरसायकलवर केली. धुक्यात, पावसात, जिथे रस्ता नव्हता तिथेही. आता निवृत्त होऊन परतवाडा ते चिखलदरा घाटाच्या वरच्या वळणावर दोन खोल्यांच्या घरात राहतात. हिवाळ्यात घाटातून जाणारे मोटरसायकलवाले त्यांच्याकडे थांबतात. शेगडीवर हात शेकतात, चहा पितात, शिव्या खातात.

मीही त्यांच्यातलाच. परतवाड्याच्या शाळेत मास्तर आहे. धुक्यात दिवा खाली ठेवायचा, वर केला की आपलेच डोळे दिपतात, हे मला सिस्टरनी शिकवलं. गार रस्त्यावर ब्रेक कसा हळू दाबायचा, तेही त्यांनीच.

आणि ती खूणसुद्धा त्यांचीच.

नोकरीत असताना गाडी बंद पडली की सिस्टर हेल्मेट काढून गाडीच्या मागे रस्त्याच्या कडेला ठेवायच्या. एसटीवाले, जंगलखात्याचे लोक, सगळ्यांना माहीत होतं. सिस्टरचं हेल्मेट खाली दिसलं की थांबायचं. पुढे ती सगळ्या घाटाची रीत झाली. हेल्मेट डोक्यावर असेल तर दोन बोटं उचलून नमस्कार करायचा आणि जायचं. हेल्मेट रस्त्यावर असेल तर थांबायचं.

“एक तास दहा मिनिटं,” हर्षल म्हणाला. “एक तास दहा मिनिटं माझं हेल्मेट रस्त्यावर होतं. अकरा गाड्या गेल्या. अकरा!”

“बस.”

“बसायला नाही आलो मी.”

“तं उभा राह्य. पन शेगडीजवळ.”

तो आला. हातमोजे काढताना त्याची बोटं वळत नव्हती. सिस्टरनी विणकाम मांडीवर ठेवलं, त्याचे दोन्ही हात स्वतःच्या हातात घेतले, नखं दाबून पाहिली. मग सोडून दिले.

“जाग्यावर हायेत,” त्या म्हणाल्या. “सांग.”

त्याने सांगितलं. अमरावतीहून पहाटे निघाला होता. घाटात धुकं छान होतं म्हणून फोटो काढायला थांबला. इंजिन बंद, पण बाकी सगळं चालू. गाडीच्या मुठी गरम होतात त्याच्या, त्या चालू. धुक्याचे जादा दिवे चालू. फोन चार्जिंगला लावलेला. वीस मिनिटांत बॅटरी झोपली. इतक्या महागड्या गाडीला किक नाही.

“मुठी गरम होत्या म्हन,” सिस्टर म्हणाल्या.

“सिस्टर, मुद्दा तो नाही.”

“बरं.”

“मुद्दा हा, की मी खूण केली. रीतसर. गाडीच्या मागे, पाच पावलांवर, कडेला. लोकांनी पाहिली. पाहून दोन बोटं उचलली आणि गेले! नमस्कार करून गेले, सिस्टर! मी तिथे कुडकुडत उभा, आणि हे मला नमस्कार करताहेत!”

त्याचा आवाज फाटला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते धुराचं नव्हतं.

मी कप खाली ठेवला. 

कारण आठच्या सुमाराला मी त्या वळणावरून गेलो होतो. काळी मोठी गाडी, तिच्याजवळ उभा असलेला झकपक माणूस, खाली हेल्मेट. मी पाहिलं होतं. हल्ली लोक हेल्मेट रस्त्यावर ठेवून, मागे धुकं घेऊन फोटो काढतात. त्यातलाच असेल, असं वाटलं मला. खरं सांगायचं तर तसं वाटून घेतलं. हात गारठले होते, शेगडी तीन किलोमीटरवर होती.

आणि मीही दोन बोटं उचलली होती.

“तुम्हाला माहीत आहे, आज वर मेळावा आहे,” हर्षल म्हणत होता. “अकरा वाजता. दोनशे रायडर येताहेत, आमच्या क्लबने बोलावलेत. मी अध्यक्ष आहे. आज मी सगळ्यांसमोर हे दाखवणार आहे. माझ्या हेल्मेटला कॅमेरा आहे. सगळं रेकॉर्ड झालंय. एकेकाचा नंबर दिसतोय. मोठ्या पडद्यावर लावणार. लाज काढणार एकेकाची!”

“मंग माह्याकडं काय काम?”

तो शेगडीपासून पुढे सरकला.

“तुम्ही शेजारी उभ्या राहा. एवढंच. तुमची रीत आहे. तुम्ही शेजारी असलात की कुणाची तोंड उघडायची हिंमत होणार नाही.”

“आन्?”

“आणि...”

त्याची नजर सिस्टरच्या मांडीवर गेली.

तिथे हातमोज्यांचा जोड होता. लोकरीचा, विटकरी रंगाचा, अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकत्र. एक पुरा झाला होता, दुसऱ्याचं मनगट तेवढं बाकी होतं.

सिस्टर एका हिवाळ्यात चार-पाच जोड विणतात, जास्त नाही. कुणाला देतील ते सांगता येत नाही. मागून मिळत नाहीत, पैसे दिले तर नाहीतच. आमच्याकडच्या मोटरसायकलवाल्यांमध्ये ते मोजे हातात असणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. माझा जोड मला गेल्या वर्षी मिळाला. आठवडाभर मी तो घरात घालून फिरलो होतो आणि बायको हसत होती.

हर्षल तीन हिवाळे येत होता. दर वेळी येताना काही ना काही आणायचा. एकदा शाल, एकदा विजेची शेगडी. मोजे काही मिळाले नव्हते.

“हा जोड कुणाचा आहे, सिस्टर?” त्याने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

“तुह्याच मापाचा हाये,” सिस्टर म्हणाल्या.

त्याचा चेहरा उजळला. मला वाटतं, त्या क्षणी त्याला बॅटरी, थंडी, अकरा माणसं, कशाचीच आठवण राहिली नसावी.

“पन मनगट बाकी हाये,” त्या म्हणाल्या. “ते इनूस्तोर दाखव तुह्या कॅमेऱ्यात काय हाये ते.”

हर्षलने फोन काढला आणि सिस्टरच्या समोर खाटेवर उशीला टेकवून उभा केला.

पडद्यावर रस्ता दिसला, अगदी जमिनीलगतचा. पांढरं धुकं. बाजूला हर्षलचे बूट येरझारा घालत होते.

पहिली गाडी आली. धुक्यातून दिवा, मग गाडी, मग वर उचललेली दोन बोटं. गेली.

“नंबर बघा,” हर्षल म्हणाला.

दुसरी आली. दोघं बसलेले. दोघांनीही बोटं उचलली.

“बघा! डबल नमस्कार!”

तिसरी तर हॉर्न वाजवून गेली, आनंदाने.

चौथी गाडी जुनी होती. चॉकलेटी रंगाची, पुढचा मडगार्ड तारेने बांधलेला. चालवणाऱ्याच्या तोंडावर मफलर. डाव्या हाताची दोन बोटं त्याला नीट उचलता आली नाहीत, कारण मोज्यात चारही बोटं एकत्र होती. म्हणून त्याने सगळा पंजाच उचलला होता.

विटकरी मोजा. पडद्यावर स्वच्छ दिसत होता.

सिस्टरची सुई थांबली.

हर्षलने फोन थांबवला. “हा बघा! हा तर तुमचा मोजा आहे, सिस्टर! तुमचा मोजा घालून हा माणूस... कोण आहे हा हरामखोर?”



सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या पाहतील म्हणून मी वाट पाहत होतो. पाहिलं असतं तर सोपं झालं असतं.

“मी,” मी म्हणालो. “चौथा मी आहे.”

हर्षलला आधी कळलंच नाही. मग त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात माझी गाडी उभी होती, तार बांधलेली.

“तुम्ही? तुम्ही इथे बसून चहा पिताय? मी तिकडे मरत होतो आणि तुम्ही... मास्तर ना तुम्ही? मुलांना काय शिकवता?”

 मी बांधावरच्या गाढवासारखा बसून राहिलो. “मला वाटलं फोटो काढताय,” एवढं म्हणालो आणि ते माझं मलाच इतकं पोकळ वाटलं की पुढे बोललो नाही.

मी खिशातून मोजे काढले आणि सिस्टरच्या पायाशी ठेवले.

त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही त्यांच्याकडे.

“पुढं चालव,” त्या हर्षलला म्हणाल्या.

मधलं रिकामं धुकं हर्षल भराभर पुढे पळवत होता. पाचवा, सहावा, सातवा. हर्षल आता प्रत्येकाला शिव्या देत होता आणि शिवी देताना माझ्याकडे बघत होता. देऊ दे, म्हटलं. माझ्या वाट्याच्या होत्या त्या. नववा जरा हळू झाला, थांबतो की काय असं वाटलं, त्याने खाली वाकून हेल्मेटकडे नीट पाहिलं. मग अंगठा वर करून गेला.

“अकरावा,” हर्षल म्हणाला. “झालं. एकही थांबला नाही. दोनशे जणांनी बघू दे आज!”

त्याने फोन उचलायला हात पुढे केला.

“राहू दे,” सिस्टर म्हणाल्या. “मंग इथवर आला कसा तू?”

“म्हणजे?”

“बॅटरी झोपली, किक नाई. चढ तीन किलोमीटर. गाडी तं अंगनात उभी हाये. कशी आनली?”

“आणली कशीतरी. एकाने ढकलली.”

“कोन एकानं?”

“कुणीतरी दूधवाला होता. त्याचं सोडा, सिस्टर. मी रायडरबद्दल बोलतोय.”

सिस्टरची सुई पुन्हा चालू झाली.

“चालव पुढं.”

“पुढे काही नाही त्यात.”

“नसन तं नसू दे. चालव.”

पडद्यावर पुन्हा धुकं आलं. बराच वेळ काहीच नाही. हर्षलचे बूट येरझारा घालत होते. मग वरच्या बाजूने, उताराने येणाऱ्या गाडीचा फटफट आवाज. आवाज थांबला. कुणीतरी स्टॅन्ड लावला.

मग दोन पाय दिसले. साध्या रबरी चपला, टाचेला झिजलेल्या. ते पाय रस्ता ओलांडून सरळ आमच्याकडेच आले.

एक हात पुढे आला आणि सगळा रस्ता गरकन फिरला. हेल्मेट कुणीतरी उचललं होतं.

पडद्यावर एक चेहरा आला, इतका जवळ की नाक मोठं दिसत होतं. पांढऱ्या मिशा, डोक्याला उपरणं बांधलेलं. तो हेल्मेटच्या आत डोकावून बघत होता. आत डोकं आहे की काय, अशा काळजीने.

“कोनाचं पडलं जी हे? लागलं त नाई ना कोनाले?”

आणि मग हर्षलचा आवाज. तोच खणखणीत.

“ए! हात लावू नको त्याला! ठेव खाली! जिथे होतं तिथे ठेव!”

“नाई, पडेल दिसलं म्हनून...”

“पडलेलं नाहीये ते! ठेवलंय! कळत नाही तर मध्ये कशाला येतो? माणसं थांबायची ती तुझ्यामुळे थांबणार नाहीत!”

चेहरा गोंधळला. पडदा हळूच खाली गेला. हेल्मेट त्याने पुन्हा रस्त्यावर ठेवलं, जपून, अगदी जिथे होतं तिथे. वरून धूळ पुसली, ते बोटही दिसलं.

मग त्याचा आवाज, आता लांबून. “साहेब, गाडी बंद पडली काय? खाली सोडून द्या ना. उतार हाये. बसल्या बसल्या परतवाडा गाठान.”

“मला वर जायचंय.”

“वर?... बरं. थांबा. कॅन उतरवून ठेवतो.”

पत्र्याचे कॅन दगडावर ठेवल्याचा आवाज आला. एक. दोन.

हर्षलने झडप घालून फोन बंद केला.

त्याचं तोंड उतरलं होतं. मला वाटलं, आता हा काही बोलणार नाही. पण माणूस हट्टी होता.

“मी थंडीने वैतागलो होतो, सिस्टर. त्याला खूण माहीत नव्हती.”

“नव्हती,” सिस्टर म्हणाल्या.

“माहीत असलेल्यांनी थांबायला हवं होतं!”

“हवं होतं.”

“मग मी चूक काय बोललो?”

सिस्टरनी शेवटचा टाका घातला, दाताने लोकर तोडली. जोड पुरा झाला.

“तो कुठी हाये?”

हर्षल फोन खिशात घालायला लागला.

“हर्षल. तो मानूस कुठी हाये?”

“बाहेर आहे... मी त्याला गाडीपाशी थांबायला सांगितलं. पुढे मेळाव्यापर्यंत ढकलायला लागेल म्हणून.”

मी उठून दार उघडलं. मला राग आला होता. स्वतःचा, हर्षलचा, आणि किती कुणाचा, ते मला वेगळं काढता येत नव्हतं.

अंगणात, त्या काळ्या चकचकीत गाडीच्या सीटवर एक हात ठेवून, तो उभा होता. तासभर नसेल झाला, पण अर्धा तास तरी झाला असेल. आम्ही आत शेगडीपाशी बसून सभ्यतेवर वाद घालत होतो आणि हा बाहेर चार डिग्रीत गाडी सांभाळत होता. उजवा पाय तो डाव्या पोटरीवर घासत होता, बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून.

पाय उघडा होता.

“आत या,” मी म्हणालो.

“नाई जी, साहेबांनी गाडीपाशी थांब म्हटलं.”

“सोनाजी!” सिस्टर आतून ओरडल्या. मी त्यांना इतक्या मोठ्याने ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. “आत ये! गाडीले कोनी खात नाई!”

तो आला. दाराशी डाव्या पायातली चप्पल काढली आणि भिंतीला लावून ठेवली. एकच चप्पल. मग लंगडत येऊन जमिनीवर बसायला लागला.

“खाली नाई. खाटेवर.”

“पाय खराब हायेत बाई.”

“तेच पाहू दे मले.”

सोनाजी खडके, वरच्या गवळीवाड्यातला. रोज सकाळी दूध घेऊन खाली जातो. त्याच्या दोन्ही मुलांचे जन्म सिस्टरच्या हातचे होते, हे मला नंतर कळलं.

सिस्टर जमिनीवर बसल्या आणि त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला. बोटं निळसर पडली होती. अंगठ्याचं नख उलटलं होतं, रक्त थंडीने तिथेच थिजलं होतं.

“कळते काय?” त्यांनी करंगळी दाबली.

“नाई.”

“ही?”

“नाई... हो. जराशी.”

“चप्पल कुठी गेली?”

सोनाजी संकोचला. हर्षलकडे बघून हसला, जणू त्याचीच काही चूक झाली होती.

“माह्या गाडीवर बसून साहेबाच्या मांगच्या पायदानावर पाय लावून लोटत होतो जी. चढात निसटली.”

“मंग थांबून घेतली नाई?”

“चढात थांबलो असतो तं इतकी जड गाडी पुन्हा उचलली नसती बाई. माही गाडी जुनी हाये. म्हटलं, साहेबाले उशीर होऊन रायला. चप्पल काय, उतरताना दिसन.”

हर्षल भिंतीकडे बघत होता.

मी त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, बोल ना आता. अकरा जणांना शिव्या देताना किती शब्द होते तुझ्याकडे. पण मी बोललो नाही. मला तो अधिकार नव्हता, मी चौथा होतो.

सिस्टर सोनाजीचा पाय दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. सुन्न पायाला एकदम धग नको, म्हणून आगीपाशी नेला नाही. आपल्या कुशीत, लुगड्याच्या पदराखाली धरला.

“दूध?” त्यांनी विचारलं.

“वळनावर दगडावर ठेवलं हाये. खाली टेम्पो साडेदहाले जाते. आता निघतो.” तो पाय काढून घ्यायला लागला. “माकडं लय हायेत तिथी.”

“या पायानं ब्रेक दाबशीन?”

“दाबीन जी.”

“कळत तं नाई तुले पाय हाये का नाई ते.”

 सोनाजीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली. ती पायाची नव्हती, दुधाची होती.

“मी पोचवतो,” मी म्हणालो. “सोनाजीभाऊ, कोणत्या टेम्पोत द्यायचं तेवढं सांगा.”

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा.

“दहा वाजले,” त्या म्हणाल्या. बाकी काही नाही.

मी मफलर गुंडाळला. माझे मोजे जमिनीवर पडले होते. उचलावे की नाही ते कळेना. मग तसेच ठेवले आणि उघड्या हातांनी गाडीची चावी काढली.

“सिस्टर,” हर्षल म्हणाला.

त्यांनी पदर सोनाजीच्या पायाभोवती आवळला.

“सिस्टर, मी त्यांना नवीन चप्पल घेऊन देतो. चांगले बूट घेऊन देतो. आजच. मेळावा झाला की लगेच.”

“मेळावा झाला की,” सिस्टर म्हणाल्या.

“दोनशे लोक वाट बघताहेत हो!”

सिस्टरनी मांडीवरचा उजव्या हाताचा मोजा उचलला. विटकरी, नवाकोरा, अजून लोकरीचा वास असलेला. तोंड फाकवलं आणि सोनाजीच्या पायात घातला. सावकाश, दुखऱ्या नखाला जपत. अंगठ्याच्या जागी अंगठा गेला. बाकी चार बोटं आपसूक बसली. टाच तेवढी उघडी राहिली.

“अवो बाई, हाताचा हाये हा!” सोनाजी म्हणाला.

“आता पायाचा झाला.”

सोनाजी पाय वर करून बघत राहिला. लहान मुलासारखा अंगठा हलवून पाहिला त्याने. हलला. त्याला हसू आलं.

हर्षल मात्र त्या मोज्याकडे असा बघत होता, की मला त्याची पुन्हा दया आली. तीन हिवाळे.

सिस्टर उठल्या. गुडघे कुरकुरले. दुसरा, डाव्या हाताचा मोजा त्यांनी हर्षलच्या हातात ठेवला.

त्याने तो उलटापालटा करून पाहिला.

“एकच?”

सिस्टर उरलेली लोकर गुंडाळायला लागल्या.

“सिस्टर... एका मोज्याने काय होणार?”

“तुह्या मुठी गरम होतात ना?”

“बॅटरी गेलीय.”

“हो. गाडी तं बंद हाये तुही.”

मी दार उघडलं होतं. धुकं थोडं वर गेलं होतं, रस्ता वळणापर्यंत दिसत होता. मागे हर्षलचा आवाज आला. त्यात आता खणखणीतपणा नव्हता.

“मग मी काय करू? तुम्ही सांगा.”

सिस्टरनी शेगडीत एक लाकूड सारलं. सोनाजीच्या हातात चहाचा कप दिला. भिंतीशी टेकवून ठेवलेली ती एकटी चप्पल उचलली, तिची धूळ झटकली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

“मास्तर गाडीवर जाऊन रायले. तुले पायीच जा लागन,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“खाली. घाटात कुठंतरी रस्त्यावर एक चप्पल पडून हाये... पाहू, तिच्यासाठी कोन थांबते.”